औष्णिक केंद्राचा पाळीप्रमुख टोकामॅकच्या संचालन चमूचे नेतृत्व करणार असेल, तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

प्रश्न : मानकापूरचा_अभियंता

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. गेली १४ वर्षे कोळशावर चालणाऱ्या एका वीज केंद्रात काम करतो आहे. त्यांपैकी पहिली सहा वर्षे फील्डवर आणि डेस्कवर गेली, नंतरची आठ पाळीप्रमुख म्हणून. दोन महिन्यांनी ही नोकरी सोडून मी एका संलयन प्रयोगाच्या संचालन चमूचा प्रमुख म्हणून रुजू होणार आहे. यंत्र मध्यम आकाराचे टोकामॅक आहे, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकक्षेत्राने कड्याच्या आकारात धरून ठेवणारे यंत्र. त्याच्या कॉइल सध्या तांब्याच्या आहेत. पुढील टप्प्यात काही कॉइल अतिवाहक (अतिशीत अवस्थेत विजेला रोध न करणाऱ्या) होणार असून त्यांच्यासाठी द्रव हेलियमचा संच येणार आहे. चमूत अकरा माणसे आहेत, त्यांत चार अभियंते आणि बाकीचे आयटीआय किंवा डिप्लोमा केलेले तंत्रज्ञ. निवड झाल्याचा आनंद आहे, पण जबाबदारीचे दडपणही तेवढेच आहे, म्हणून येथील जाणकारांना मनापासून विचारतो आहे.

निवडीनंतर मला तीन दिवस तेथील नियंत्रण कक्षात बसून पाहता आले. घड्याळ उलटे मोजू लागले की बोलणे थांबायचे, भिंतीपलीकडून वीजपुरवठा संचाची घरघर चढत जायची, पडद्यावर गुलाबी प्रकाशाचे एक कडे उमटायचे आणि नीट पाहून होण्याआधीच विझून जायचे. मग वीस मिनिटे सगळे आलेखांत बुडालेले असत आणि पुन्हा तोच क्रम सुरू होई. अशा एका फेरीला तेथे शॉट म्हणतात. एका दिवशी सतरा शॉट झाले. सगळ्यांची बेरीज केली तर प्लाझ्मा चार सेकंदही टिकला नव्हता. आमच्याकडे संच शंभर दिवस न थांबता चालला की पेढे वाटतात. त्यामुळे येथे ‘चांगले चालले’ असे कशाला म्हणायचे, हेच मला आधी समजून घ्यावे लागणार आहे.

मला खरे अस्वस्थ केले ते त्या दिवशीच्या नवव्या शॉटने. निर्वात पात्रातील दाब नेहमीपेक्षा थोडा जास्त दिसत होता आणि एका तंत्रज्ञाने तो आकडा मोठ्याने वाचूनही दाखवला. मागे उभे असलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणाले, “चालेल, घेऊन टाकू.” ऑपरेटरने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा पडद्याकडे पाहिले आणि कळ दाबली. बिघडले काहीच नाही. परंतु तो निर्णय कोणी घेतला, हे मला शेवटपर्यंत कळले नाही, आणि खोलीतल्या कोणाला विचारले असते तर प्रत्येकाने वेगळे नाव सांगितले असते अशी माझी खात्री आहे.

या गोष्टीकडे मी इतके बारकाईने का पाहतो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच पाळीत, रात्रपाळीचा हँडओव्हर घेताना, कोळसा दळणाऱ्या एका मिलमध्ये काम चालू असल्याचे मला तोंडी सांगितले गेले आणि परमिटच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद राहून गेली. पहाटे लोड वाढवायची वेळ आली, तेव्हा डेस्कवरच्या माणसाने तीच मिल चालू करायला घेतली. ६.६ केव्हीचा ब्रेकर रॅक-आउट केलेला, म्हणजे पुरवठ्यापासून बाहेर ओढून ठेवलेला, होता, एवढ्यामुळेच आतील दोन माणसे वाचली. चूक माझी होती. ऐकलेले मी लिहून घेतले नव्हते. तेव्हापासून निर्णय कोणाचा आणि त्याची नोंद कुठे, हे दोन प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तर माझे विचारणे असे : शॉट घ्यायचा की नाही, यावर शेवटचा शब्द कोणाचा असावा? वीज केंद्रातल्या माझ्या सवयींपैकी कोणत्या तेथे उपयोगी पडतील आणि कोणत्या अडथळा ठरतील? आणि हेलियम येण्याआधीच्या काळात मी कशाची तयारी करून ठेवावी?

---

उत्तर : सेवानिवृत्त_संचालन

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक जण आधी प्लाझ्माचे तापमान विचारतात आणि रजिस्टरचे कोणी विचारत नाही. मी बावीस वर्षे अशाच यंत्रांच्या संचालनात होतो आणि आता नागपुरात, प्रतापनगरला, स्थायिक आहे. सविस्तर लिहितो.

शेवटच्या शब्दाचा प्रश्न आधी सोडवू. जगातील मोठ्या टोकामॅकांवर हा अधिकार दोन माणसांत जाणूनबुजून विभागलेला असतो. इंग्लंडमधील कल्हमच्या जेट यंत्रावर एक सेशन लीडर असे आणि एक इंजिनिअर-इन-चार्ज असे. आज कोणता प्रयोग करायचा, विद्युतप्रवाह किती ठेवायचा, वायू केव्हा सोडायचा, हे पहिला ठरवतो. जे मागितले आहे ते यंत्राला आज, या अवस्थेत, झेपणारे आहे की नाही, हे दुसरा ठरवतो. पहिल्याचे पद कितीही मोठे असले तरी दुसऱ्याचा नकार त्या दिवशी नियंत्रण कक्षात बदलता येत नाही. त्यावर चर्चा करायची ती दुसऱ्या दिवशी, बैठकीत, आलेख समोर ठेवून. आपण पाहिलेल्या नवव्या शॉटमध्ये चूक शास्त्रज्ञांची नव्हती आणि ऑपरेटरचीही नव्हती. दुसरी खुर्चीच रिकामी होती. रुजू होण्यापूर्वी संचालकांकडून लेखी आदेश घ्या की प्रत्येक पाळीत प्रभारी अभियंत्याचे नाव फळ्यावर लिहिलेले असेल, आणि मर्यादांच्या तक्त्याबाहेरचा एकही शॉट त्याच्या सहीशिवाय होणार नाही. रुजू झाल्यावर हाच आदेश मागाल, तर तो कोणाच्या तरी विरोधात मागितल्यासारखा दिसेल.

दाबाच्या त्या आकड्याविषयी थोडे थांबून सांगतो, कारण या कामाचा निम्मा जीव निर्वातात आहे. “दाब वाढला” एवढे कळून भागत नाही. वाढला तो कशाने, हे कळावे लागते. त्यासाठी पात्राला आरजीए नावाचे उपकरण जोडलेले असते, जे आत उरलेल्या वायूंचे त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे वेगवेगळे सुळके दाखवते. १८ वर सुळका उंच असेल तर ते पाणी आहे, म्हणजे भिंतीतील ओल अजून सुटते आहे. २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) हे दोन्ही बरोबरीने वाढले आणि ४० वर अरगॉनही डोकावू लागला, तर बाहेरची हवा आत येत आहे, म्हणजे कुठेतरी गळती आहे. पहिल्या अवस्थेत फार तर प्लाझ्मा नीट पेटणार नाही आणि एक शॉट वाया जाईल; दुसऱ्या अवस्थेत शॉट घेणे म्हणजे आजाराचे नाव न विचारता औषध देणे होय. आपल्या तंत्रज्ञाने आकडा वाचला हे उत्तमच केले. त्याला पुढचा प्रश्न विचारायची सवय लावणे हे आपले काम आहे.

ओल हा तर आमचा कायमचा शत्रू. आपल्याकडे कूलरचा पंप बंद केला तरी वाळ्याच्या ताट्या तासभर गारवा देत राहतात, तशी पोलादाची भिंत शोषलेले पाणी दिवसेंदिवस सोडत राहते. म्हणून पात्र तापवून बेकिंग करतात आणि रात्रभर हायड्रोजन किंवा हेलियमचा ग्लो डिस्चार्ज, म्हणजे भिंत साफ करणारा मंद विद्युतविसर्ग, चालू ठेवतात. एका वर्षी ऐन जुलैमध्ये आम्हाला कॅमेऱ्याची काच बदलण्यासाठी पात्र उघडावे लागले. कोरड्या नायट्रोजनचा सिलिंडर अर्ध्यातच संपला, दुसरा आणायला अर्धा दिवस लागला असता, आणि मी उरलेली जागा खोलीतल्या हवेने भरू दिली. वाचवला अर्धा दिवस, आणि पूर्वीचे निर्वात परत यायला पुरते दोन आठवडे लागले. परवानगी मीच दिली होती. तेव्हापासून भरलेले दोन सिलिंडर जवळ उभे दिसल्याशिवाय मी कोणाला बोल्टला पाना लावू दिला नाही.

आता सवयींविषयी. वीज केंद्रात ट्रिप झाली, म्हणजे संच अचानक बंद पडला, की घडू नये असे काहीतरी घडले. टोकामॅकमध्ये डिसरप्शन हा प्रयोगाचा भाग आहे. प्लाझ्मा एकाएकी कोसळतो, त्यातील विद्युतप्रवाह काही मिलिसेकंदांत संपतो, तो जाताजाता पात्राच्या धातूत प्रवाह निर्माण करतो आणि त्या प्रवाहावर चुंबकक्षेत्राचे बल लागून सगळ्या पात्राला हिसका बसतो. जेटएवढ्या यंत्रात हे बल शेकडो टन वजनाइतके भरत असे. आपण तीन दिवसांत अशी दोनचार डिसरप्शन नक्कीच पाहिली असतील आणि कोणी मान वर करूनही पाहिले नसेल. तरीही त्यांचा हिशेब ठेवावा लागतो. टर्बाइनचे कोल्ड स्टार्ट आपण जसे मोजता आणि त्यावरून तिचे आयुष्य किती खर्ची पडले ते सांगता, तसेच किती प्रवाहावर किती डिसरप्शन झाली, त्यानंतर आधारांचे बोल्ट तपासले का, ही वही संचालन चमूचीच असली पाहिजे. शास्त्रज्ञ प्रत्येक शॉट वेगळा पाहतात. सगळ्यांची बेरीज करणारा माणूस आपल्याशिवाय दुसरा नसतो.

दोन शॉटमधील वीस मिनिटे हा आपल्या चमूचा खरा कामाचा वेळ आहे. तांब्याच्या कॉइल शॉटमध्ये तापतात आणि पाण्याने थंड होतात. पुढचा शॉट केव्हा, हे बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानावरून ठरवावे, घड्याळावरून नव्हे. मे महिन्यात कूलिंग टॉवरचे पाणीच गरम असते, तेव्हा वीसची सत्तावीस मिनिटे होतात आणि खोलीत चुळबुळ सुरू होते. ती चुळबुळ सहन करणे हा आपल्या कामाचा भाग समजा.

शेवटचे दोन मुद्दे सुरक्षिततेचे आहेत, आणि येथे आपली औष्णिक केंद्रातील शिस्त जशीच्या तशी आणा. टोरस हॉलमध्ये, म्हणजे यंत्र असलेल्या दालनात, शॉटच्या वेळी कोणीही असता कामा नये, कारण भरकटलेले वेगवान इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळले की कठीण क्ष-किरण निघतात, आणि ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) वापरत असाल तर न्यूट्रॉनही निघतात. म्हणून आमच्याकडे दोन माणसे बॅटरी घेऊन हॉलचा ठरलेला मार्ग चालत, प्रत्येक कोपऱ्यातील तपासणीचे बटण दाबत, मोठ्याने हाक देत आणि शेवटी दाराला कुलूप लावून किल्ली नियंत्रण कक्षातील पेटीत बसवत. ती किल्ली पेटीत फिरल्याशिवाय वीजपुरवठ्याचा इंटरलॉक सुटतच नसे. दुसरा मुद्दा वीज साठवणाऱ्या कपॅसिटर बँकेचा. मीटर शून्य दाखवतो म्हणून हात लावायचा नाही. जमिनीला जोडलेला अर्थिंग रॉड स्वतः टेकवायचा आणि काम संपेपर्यंत तेथेच अडकवून ठेवायचा. रिकाम्या समजलेल्या बँकेला रॉड लावताना मी एकदा टपोरी निळी ठिणगी पाहिली आहे. चटका रॉडच्या टोकाला बसला, माझ्या बोटांना नाही.

---

उत्तर : भौतिकी_धरमपेठ

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. तरी शास्त्रज्ञांच्या बाजूने काही लिहिणे गरजेचे वाटते. मी काही वर्षे प्लाझ्माच्या प्रयोगांवर काम केले आहे आणि आता नागपुरात शिकवते.

वीज केंद्रातून आलेल्या उत्तम अभियंत्यांकडून पहिल्या वर्षात एक चूक हमखास होते : ते यंत्राचे रक्षण इतके करतात की प्रयोगच होत नाही. शॉट फसणे आणि यंत्राला इजा होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्लाझ्मा पेटला नाही, लवकर विझला, घनता वाढवताना कोसळला, तर त्यातून आम्हाला काहीतरी कळते. किंबहुना मर्यादा कुठे आहे हे शोधण्यासाठी मर्यादेपर्यंत जावेच लागते. जेटचा पहिला प्लाझ्मा जून १९८३ मधला आणि शेवटचा डिसेंबर २०२३ मधला. त्या शेवटच्या शॉटचा क्रमांक होता १,०५,८४२. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या यंत्राने ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांच्या जेमतेम ०.२ मिलिग्रॅम इंधनातून पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढून दाखवली. चाळीस वर्षे माणसांनी लाखभर वेळा ती कळ दाबली नसती तर तो एक शॉट झाला नसता. म्हणून मर्यादांचा तक्ता करताना त्यात दोन रेषा आखा : एक, जिच्यापलीकडे यंत्राला धोका आहे, आणि दुसरी, जिच्यापलीकडे केवळ शॉट फसण्याची शक्यता आहे. पहिल्या रेषेवर आपला शब्द अंतिम असू द्या. दुसरी रेषा आमच्यासाठी मोकळी ठेवा.

आपल्या ‘चार सेकंदही नव्हता’ या निरीक्षणाविषयीही एक सांगते. चित्र झपाट्याने बदलते आहे. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या ईस्ट यंत्राने प्लाझ्मा १,०६६ सेकंद टिकवला आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या वेस्ट यंत्राने १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक. आपल्या देशाने गांधीनगरजवळ उभारलेल्या एसएसटी-१ (स्टेडी स्टेट सुपरकंडक्टिंग टोकामॅक) या यंत्राच्या नावातच स्थिर अवस्थेचे उद्दिष्ट आहे. प्लाझ्मा मिनिटांमध्ये मोजायची वेळ आली की प्रश्नाचे स्वरूप पालटते : भिंतीवर पडणारी उष्णता अखंड वाहून नेणे, पाण्याचा प्रवाह, पाण्याची शुद्धता, पंप, झडपा, आणि या सगळ्यांवर तासन् तास लक्ष ठेवणारी पाळी. हे आम्हा भौतिकशास्त्रज्ञांना येत नाही, आपल्याला येते. दक्षिण फ्रान्समध्ये उभे राहत असलेल्या ईटरचे लक्ष्य ५० मेगावॉट तापनशक्ती देऊन ५०० मेगावॉट संलयनशक्ती मिळवण्याचे आहे. आपल्या भागातल्या ५०० मेगावॉटच्या संचाजवळ जो उभा राहिला आहे, त्याला हा आकडा किती मोठा आहे ते हाताला लागलेल्या उष्णतेवरून कळते. तेव्हा आपण बाहेरून आलेले आहोत असे मनात आणू नका.

---

उत्तर : शीतवायू_हिंगणा

मी द्रव वायूंच्या टाक्यांचे आणि नळजोडणीचे काम करतो, त्यामुळे केवळ हेलियम आणि नायट्रोजनविषयी लिहितो.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि द्रव हेलियम उणे २६९ अंशांवर. थंडीने हात भाजतो हे सगळ्यांना सांगितले जाते. गुदमरण्याचा धोका मात्र पुरेसा सांगितला जात नाही. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, हेलियमचा त्याहून थोडा जास्त. या वायूंना वास नाही, रंग नाही आणि दम लागल्यासारखे वाटतही नाही, कारण शरीराला गुदमर जाणवते ती कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. थंड नायट्रोजन खड्ड्यात आणि केबलच्या चरात साचतो, हेलियम छताला जाऊन बसतो. म्हणून ऑक्सिजनचे मापक दोन उंचींवर हवेत. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, तो १९.५ वर आला की गजर वाजला पाहिजे आणि सगळ्यांनी बाहेर पडले पाहिजे. एका कारखान्यात टाकीच्या खड्ड्यात उतरलेला एक फिटर कोसळलेला मी पाहिला आहे, आणि त्याला उचलायला धावलेल्या दुसऱ्याला मी कॉलर धरून मागे ओढले आहे. पहिल्याला आम्ही श्वसनसंच लावून बाहेर काढले, तो वाचला. त्यावेळी श्वसनसंच दाराशी टांगलेला होता. तो भांडारात कुलूपबंद असता तर मी आज हे वेगळ्या शब्दांत लिहिले असते.

आपण नागपुरात आहात तर या दोन महिन्यांचा उपयोग करून घ्या. अशा दाबपात्रांना ज्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची परवानगी लागते, तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. स्थिर आणि फिरत्या दाबपात्रांविषयीचे २०१६ चे नियम आधीच वाचून ठेवा. टाकी येऊन उभी राहिल्यावर अंतरांचे नियम वाचायला घेणारे प्रकल्प मी पाहिले आहेत. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही आपल्याच गावात आहे. श्वसनसंच घालून अंधाऱ्या खोलीतून माणूस बाहेर काढण्याचा सराव आपण स्वतः एकदा जरूर करा, म्हणजे चमूला तो करायला सांगताना नेमके काय मागता आहात ते आपल्याला ठाऊक असेल.

अतिवाहक कॉइलविषयी एकच उदाहरण देतो. जपानमधील नाका येथील जेटी-६०एसए या मोठ्या टोकामॅकच्या चाचण्या चालू असताना, मार्च २०२१ मध्ये, ईएफ१ नावाच्या एका कॉइलच्या जोडणीपाशी इन्सुलेशन अपुरे पडले, तेथे आर्क झाला आणि हेलियम क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे कॉइलभोवतीच्या निर्वात आवरणात, सुटला. दुरुस्ती आणि फेरतपासणी होऊन पहिला प्लाझ्मा निघायला ऑक्टोबर २०२३ उजाडले. यातील धडा असा की, साध्या हवेत जे इन्सुलेशन हजारो व्होल्ट सहन करते, तेच विरळ वायूत फार कमी व्होल्टला हार खाते, कारण विशिष्ट दाबाच्या पट्ट्यात वायूतून ठिणगी सर्वांत सहज जाते. म्हणून प्रत्येक जोडणी हवेत तपासून न थांबता, दाब हळूहळू उतरवत त्या पट्ट्यातून नेऊन तपासावी लागते. यालाच पाशेन चाचणी म्हणतात. ठेकेदाराने “मेगर केले आहे, वाचन चांगले आले आहे” (म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजला आहे) असे सांगितले, तर ते खरे मानूनही ही चाचणी मागाच. वेळापत्रक कितीही मागे पडले असले, तरी हिच्यावर तडजोड करू नका.

---

मानकापूरचा_अभियंता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दोन रेषांची कल्पना मला फार पटली; मी आजच तसा तक्ता आखायला घेतला आहे. डिसरप्शनची वही आणि टर्बाइनचे कोल्ड स्टार्ट यांतील साम्यही लगेच लक्षात आले. हेलियमच्या बाबतीत मी पुढील आठवड्यात सांगितलेल्या दोन्ही ठिकाणी जाऊन येईन.

एक गोष्ट अजून मनात आहे. प्रभारी अभियंत्याचा नकार लेखी आदेशाने पक्का करता येईल, पण अनेकदा पहिली शंका येते ती तंत्रज्ञाला. पंपाजवळ तोच उभा असतो. समोर पीएचडी झालेली सहा माणसे बसली असताना, चोवीस वर्षांचा आयटीआय झालेला मुलगा “थांबा” कसा म्हणणार? आमच्या केंद्रात पाळीप्रमुख आणि ऑपरेटर एकाच मुशीतले असतात, एकत्र डबा खातात. येथे ते अंतर फार मोठे आहे. सेवानिवृत्त काका, आपण हे कसे हाताळले?

---

सेवानिवृत्त_संचालन

हे मला जमायला सर्वांत जास्त वर्षे लागली, म्हणून जे उपयोगी पडले तेवढेच सांगतो.

पाळी सुरू होताना आम्ही दहा मिनिटे उभ्याने बैठक घेत असू. तीत बोलण्याचा क्रम मी उलटा केला : सर्वांत कनिष्ठ माणूस आधी, शास्त्रज्ञ शेवटी. एकदा मोठ्या माणसाने “सगळे ठीक आहे” म्हटले, की मागाहून कोणी “पण” म्हणत नाही. सुरुवातीला ती मुले “काही नाही, साहेब” एवढेच म्हणत. मग मी विचारण्याची पद्धत बदलली. “काही अडचण आहे का?” असे विचारणे सोडून “काल जे होते त्यापेक्षा आज काय वेगळे दिसले, ऐकू आले, हाताला लागले?” असे विचारू लागलो. याला उत्तर येते, कारण यात कोणाची तक्रार करावी लागत नाही.

एक दिवस कूलिंगच्या पाण्याच्या पंपावरचा मुलगा फोनवर म्हणाला, “आवाज वेगळा येतो आहे, साहेब. थांबा.” उलटी मोजणी चाळीसवर आली होती. मी ती थांबवली. आम्ही बेअरिंगवर हात ठेवून पाहिले, कंपने मोजली, गाळणी उघडली, पंपाचे सील तपासले. काहीही सापडले नाही. पन्नास मिनिटे गेली, आणि त्या दिवसाचे प्रमुख शास्त्रज्ञ, जे एरवी फार सज्जन गृहस्थ होते, स्पष्टपणे नाराज झाले. मी तो मुलगा नियंत्रण कक्षात आल्यावर सर्वांसमोर त्याचे आभार मानले, आणि लॉगबुकमध्ये लिहिले : “पंपाच्या आवाजातील बदलामुळे शॉट थांबविला. तपासणीत दोष आढळला नाही. थांबविणे योग्य.” खाली सही माझी होती, त्याची नव्हती. त्या शास्त्रज्ञांशी मी संध्याकाळी चहावर स्वतंत्रपणे बोललो. त्यांना मुद्दा पटला. पुढच्या महिन्यात “थांबा” म्हणणाऱ्या नोंदी चार झाल्या, त्यांपैकी दोन खऱ्या निघाल्या. दोन खोट्या निघाल्या याचेही मला वाईट वाटले नाही.

आणि ते चालत जाऊन भेटणे सोडू नका. पाळीप्रमुख म्हणून आपण रात्री एकदा तरी बॉयलरच्या मजल्यांवर चक्कर मारत असाल. नियंत्रण कक्ष वातानुकूलित आहे म्हणून तेथे ती सवय मोडू देऊ नका. पंपघरात त्या मुलाच्या शेजारी पाच मिनिटे उभे राहिलात, तर फोनवर तो आपल्याला सांगायला घाबरणार नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मागील एका वर्षाचे लॉगबुक काढून बसा आणि ‘थांबविला’ हा शब्द किती वेळा आला आहे ते मोजा. तो एकदाही आला नसेल, तर त्या यंत्रात दोष नव्हता असा त्याचा अर्थ लावू नका.

---

मानकापूरचा_अभियंता

काका, त्या तीन दिवसांत मी परवानगी घेऊन लॉगबुकच्या काही पानांची छायाचित्रे काढली होती, शॉटच्या नोंदी कशा ठेवतात ते समजावे म्हणून. आपले उत्तर वाचल्यावर ती लगेच चाळून पाहिली. बारा पानांत तो शब्द एकदाच आला आहे. अक्षर शॉटच्या इतर नोंदींपेक्षा वेगळे आहे, बहुधा तंत्रज्ञाचे. त्यापुढील कारणाचा रकाना रिकामा आहे आणि सहीच्या जागी कोणाचीच सही नाही. रुजू झाल्यावर ती नोंद कोणी केली ते मी आधी शोधीन आणि त्याच्याशी पंपघरातच जाऊन बोलेन.